परवानगी मिळाली

तलावावर येणारी मुलं त्याला शिट्टीकाका म्हणायची. कागदोपत्री तो जीवरक्षक होता, पण एवढा भारदस्त शब्द मुलांच्या तोंडी काही बसेना आणि शिट्टी तर गळ्यात कायमचीच. बावीस वर्षं तो पाण्याच्या कडेला, सात पायऱ्यांच्या उंच पांढऱ्या खुर्चीवर बसत आला होता. तलाव मोठा, काचेच्या छपराखालचा. दुपारचं ऊन छपरातून खाली उतरायचं, पाण्यावर फुटायचं आणि भिंतींवर थरथरत राहायचं. मुलांचा आरडाओरडा वर काचेला लागून मऊ होऊन परत यायचा. तिथे तासभर बसलं की आपण जागे आहोत की झोपेत, हे चिमटा काढून बघावंसं वाटे. शिट्टीकाका मात्र डुलक्या घेणाऱ्यांतला नव्हता. डावीकडून उजवीकडे, मग खोल बाजूकडून उथळ बाजूकडे अशी त्याची नजर फिरायची आणि प्रत्येक फेरीला तो डोकी मोजायचा. बुडणारं मूल ओरडत नाही, गप्प होतं, हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं होतं. म्हणून तो आवाजाच्या भरवशावर कधी राहिला नाही.

दर तासाला तो एक लांब शिट्टी मारायचा, आणि सगळ्यांनी पाण्याबाहेर येऊन दहा मिनिटं काठावर बसायचं. हा नियम त्यानेच घालून दिलेला. थंडीने ओठ निळे पडलेली मुलंसुद्धा आपल्याला अजिबात थंडी वाजत नाही असं शपथेवर सांगायची आणि तो तितक्याच गंभीरपणे मान डोलवून त्यांना बसवून ठेवायचा.

गेल्या दीड वर्षापासून हे पाणी दुधाळ व्हायला लागलं होतं. आधी त्याला वाटलं, पाण्यात औषध जास्त पडतंय. पाणी साफ करणाऱ्या माणसाशी त्याने दोन दिवस वाद घातला. त्या बिचाऱ्याने शेवटी काचेच्या नळीत पाणी भरून त्याच्या नाकासमोर धरलं, आणि ते लख्ख होतं. मग त्याने वाद थांबवला. समोरची भिंत हळूहळू लांब गेली, खोल बाजूची शिडी पुसट झाली, निळ्या टोप्या घातलेली मुलं निळ्या पाण्यात विरघळून जाऊ लागली. खोटं कशाला बोला, ते सगळं दिसायला फार सुंदर होतं. रंगांचे ठिपके तरंगतायत, मधेच एखादा हात चमकून जातोय, वरून उजेड ओततोय. एखाद्या दुपारी तो त्या धुक्याकडे बघत इतका हरवून जायचा की आपण इथे कशासाठी बसलोय हे आठवल्यावर त्याला घाम फुटायचा.

त्याने कुणाला सांगितलं नाही. दरवर्षी जीवरक्षकांचे डोळे तपासायचे. तपासणीचा तक्ता प्रथमोपचाराच्या खोलीत बारा महिने भिंतीवर लटकलेला. गेल्या वर्षी त्याने रोज जवळ जाऊन त्याच्या शेवटच्या चार ओळी तोंडपाठ केल्या आणि तपासणीच्या दिवशी घडाघडा म्हणून दाखवल्या. खुर्ची गेली की आपल्याला कपाटांच्या किल्ल्या देण्याच्या खिडकीत बसवतील, हे त्याला माहीत होतं. खिडकीत बसलेला माणूस कोण असेल, ते मात्र त्याला कळत नव्हतं. आणि एखादं डोकं मोजायचं राहिलं तर? हा विचार आला की तो घाईघाईने दुसरा विचार करायचा. इथे त्याची बाजू घेण्यासारखं काही नाही. तो भला माणूस होता आणि भल्या माणसाने करू नये तेच करत होता.

घरात तो आणि लेक, दोघंच. लेक आता तेरा वर्षांची. ती चार वर्षांची असताना तिची आई गेली, आणि तेव्हापासून पोरगी तलावावरच वाढली. शाळा सुटली की दप्तर खुर्चीच्या पायाशी टाकायचं आणि पाण्यात उडी मारायची. तिला बाहेर काढताना त्याच्या नाकी नऊ यायचे. शिट्टीला फक्त तीच एक दाद देत नसे, कारण ती कधी वाजणार हे तिला त्याच्या छातीवरून आधीच कळायचं. तो श्वास भरून घ्यायला लागला की ही बुडी मारून मोकळी.

मग फोन आला. आला तो जोडीनेच. त्याचा जुना बंद पडला होता, तिला शाळेच्या कामासाठी हवा होता, म्हणून त्याने एकसारखे दोन काळे फोन आणले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून बसला. त्याची मोठी बहीण एका शाळेत ग्रंथपाल होती. जगातल्या सगळ्या मुलांचं काय बिघडलंय हे तिला बाकीच्यांच्या आधी कळायचं. त्याने शेजाऱ्यांचा फोन मागून आणला आणि तिने त्यावरून त्याला एकेक पायरी सांगितली. लेकरांच्या फोनवर लक्ष ठेवणारं एक ॲप असतं. ते दोन्हींवर घाल, एकावर ‘पालक’ लिही, दुसऱ्यावर ‘मूल’. रोज किती तास, रात्री किती वाजता बंद, काय बघायचं, काय नाही, सगळं ठरव. त्याने पडद्याला नाक लावून सगळं भरलं. शिवाय तासाला दहा मिनिटं फोन आपोआप बंद राहील, अशी सोयही त्याने शोधून काढली. ताई म्हणाली की असं कुणी करत नाही. तो म्हणाला, पाणी काय आणि फोन काय, तासाने बाहेर यायलाच पाहिजे. मग सिमकार्डं घातली, दोन्ही फोन चार्जिंगला लावले आणि संध्याकाळी एक तिच्या हातात ठेवला.

बंदोबस्त झकास चालला. नऊ वाजले की त्याचा स्वतःचा फोनही बंद पडायचा. घरातला नियम सगळ्यांना सारखा, हे त्याला आवडलं; तो फोन उशाशी ठेवून मुकाट्याने झोपी जायचा. रविवारी संध्याकाळी तो ॲप उघडून आठवड्याचे तास बघायचा आणि तिला समोर उभं करायचा. ‘एकोणीस तास. शोभतं का हे?’ ती ओठ घट्ट दाबून मान खाली घालायची आणि म्हणायची की नाही शोभत. पोर रडवेली झाली असं वाटून त्याचं मन विरघळायचं आणि तो बोलणं आवरतं घ्यायचा. पुढे पुढे ती ओठ दाबेनाशी झाली. नुसतीच त्याच्याकडे बघत राहायची.

फोन आल्यावर महिन्याभरातच तिचं पोहणं सुटलं. पाण्यात जायचंच नाही म्हणाली. शाळेतून यायची, खोल बाजूच्या बाकावर जाऊन बसायची, फोन मांडीवर. पोहायचा कंटाळा आला, एवढंच उत्तर. जी पोरगी पाण्यातून निघता निघत नव्हती, ती आता बोटसुद्धा बुडवेना, म्हटल्यावर दोष कुणाचा हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्याने वेळ कमी केली. मग आणखी कमी केली. बारीक अक्षरांशी त्याची झटापट बघून ती म्हणायची, आण बाबा, मी करते. आणि करायचीही. त्याचा फोन त्याच दिवसापासून आठला बंद पडायला लागला, म्हणजे तिने प्रामाणिकपणे केलं होतं. लेकीच्या फोनला कुलूप घालताना किल्ली लेकीलाच फिरवायला देणारा बाप दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता, पण त्याला तिच्या प्रामाणिकपणाचा अभिमानच वाटला.

महिन्यापूर्वी एक गोष्ट घडली. भर दुपारी, सगळं तरंगत असताना, खोल बाजूने तिचा आवाज आला. ‘बाबा, उजवीकडे, शिडीपाशी.’ त्याने काही न बघता उडी टाकली आणि आवाजाच्या दिशेने गेला. हाताला एक लहान मुलगी लागली, सात-आठ वर्षांची, गप्प. काठावर आणल्यावर ती खोकली, पाणी ओकली आणि मग मोठ्याने रडली. ते रडणं ऐकून सगळ्यांच्या जिवात जीव आला. तिच्या आईने त्याचे दोन्ही हात धरले. घरी जेवताना तो लेकीला म्हणाला, ‘बरं झालं, तेवढ्यात तू फोनमधून मान वर केलीस.’ ती ताट सरकवून उठली.

यंदाची तपासणी आठ दिवसांवर आली तेव्हा व्यवस्थापक बाईंनी जुना तक्ता काढून नवा लावला. जुना पिवळा पडला होता, एवढंच कारण. यंदा त्याला अगदी जवळ जाऊनही शेवटच्या ओळी लागेनात. खोलीत कुणी नसताना त्याने तक्त्याचा फोटो काढला, पण फोटोतही शेवटच्या ओळी म्हणजे नुसत्या मुंग्या. फोनचं भिंग करणारं एक ॲप असतं असं त्याने ऐकलं होतं. दुपारच्या सुट्टीत, ओल्या टॉवेलांच्या वासात, कर्मचाऱ्यांच्या कपाटांच्या खोलीत बसून त्याने ते शोधलं आणि बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, ‘पालकांकडे परवानगी मागितली आहे.’

पालक तर मीच, असं म्हणून तो स्वतःला विचारलं जाण्याची वाट बघत बसला. कुणी काही विचारलं नाही. दोन मिनिटांनी फोन हातात थरथरला. ‘परवानगी मिळाली.’

त्याने ते तीनदा वाचलं. आपण परवानगी दिलेली नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे फोनमध्ये कुणीतरी चोर शिरला. सुट्टी संपायला अजून अर्धा तास होता. तो तसाच, पायात रबरी चपला, मागच्या गल्लीतल्या फोन दुरुस्तीच्या दुकानात गेला.

दुकानातली बाई एका उघड्या फोनवर वाकून काम करत होती. तिने हात पुसून त्याचा फोन घेतला, इकडेतिकडे बोट फिरवलं आणि हसायला लागली. घरात दुसरा फोन कुणाकडे आहे, तिने विचारलं. लेकीकडे, तो म्हणाला.

‘मग काका, पालक ती आहे. तुमच्या घरातलं मूल म्हणजे तुम्ही.’

तिने समजावून सांगितलं. दोन्ही फोन दिसायला सारखे, देताना अदलाबदल झाली असणार. अकरा महिने झाले. रविवारी तो जे तास बघत होता ते त्याचेच. आठला बंद पडत होता तो फक्त त्याचाच. लेकीच्या फोनला साधी कडीही नव्हती. बाईला फार मजा वाटत होती, आणि एरवी त्यालाही वाटली असती. पण त्याने विचारलं की पालकाच्या फोनवर काय काय दिसतं. किती वेळ वापरला ते, फोन कुठे आहे ते, आणि काय काय शोधलं ते. दर रविवारी सगळं एकत्र जातं, बाई म्हणाली.

‘मी काय शोधलंय ते वाचून दाखवता? मला नीट दिसत नाही.’ हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, तेही एका परक्या बाईसमोर.

तिने वाचायला सुरुवात केली. डोळ्यांपुढे धुकं का येतं. दूरचं दिसत नसेल तर नोकरी जाते का. डोळ्यांचा तक्ता पाठ कसा करावा. जीवरक्षकाला कमी दिसत असेल तर. तिचं हसू तिसऱ्या ओळीला थांबलं होतं. तिने फोन दोन्ही हातांनी त्याच्याकडे परत दिला. उलटापालट सरळ करून देऊ का, दुसऱ्या फोनवर येणारा गुप्त आकडा लागेल, असं ती हळूच म्हणाली. तो नको म्हणाला आणि निघाला.

परतताना गल्ली त्याला नेहमीपेक्षा जास्त धुरकट दिसली. दुकानांच्या पाट्या नुसते रंग होऊन गेल्या होत्या, समोरून माणसं येत होती ती जवळ आल्यावरच माणसं होत होती. एकेक गोष्ट त्याच्याकडे अशीच धुक्यातून चालत आली. मध्यंतरी त्याच्या फोनची अक्षरं आपोआप मोठी झाली होती. मुलांना नारिंगी टोप्या द्याव्यात, ही सूचना त्याने व्यवस्थापक बाईंना केली आणि शाबासकी मिळवली. पण नारिंगी रंग पाण्यात उठून दिसतो हे जेवताना कोण म्हणालं होतं? तपासणीची तारीख कळल्यापासून पोर जेवत का नव्हती? तो एका घराच्या पायरीवर बसला आणि मग उठून भराभर चालू लागला, कारण दुपारचा वर्ग सुरू व्हायची वेळ झाली होती.

तो पोचला तेव्हा मुलं पाण्यात उतरत होती आणि उथळ बाजूला शिकवणाऱ्या बाई उभ्या होत्या. लेक शाळेतून आली होती, खोल बाजूच्या बाकावर नेहमीच्या जागी. तो खुर्चीकडे गेला नाही. काठाने चालत तिच्या मागे जाऊन उभा राहिला. तीन हातांवरून त्याला दिसलं. मांडीवरचा फोन बंद होता, पडदा काळा. तिची मान फिरत होती. डावीकडून उजवीकडे, मग खोल बाजूकडून उथळ बाजूकडे. उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर टकटक करत होतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बावीस वर्षांत त्याने हे कुणालाच शिकवलं नव्हतं.

‘किती?’ त्याने विचारलं.

‘एकोणीस,’ ती मान न वळवता म्हणाली. ‘विसावी कपडे बदलायला गेलीये.’ मग बोट थांबलं. आवाज कुणाचा ते तिला कळलं होतं. पण नजर तिने पाण्यावरून काढली नाही.

तो बाकावर टेकला. कधीपासून, असं त्याने विचारलं. पहिल्या महिन्यापासून, ती म्हणाली. आधी गंमत वाटली होती. फोन बंद पडला की बाबा कसा शहाण्यासारखा झोपायला जातो म्हणून हसू यायचं. ताईआत्यालाही सांगणार होती. मग पहिल्यांदा त्याने शोधलेलं वाचलं आणि कुणालाच सांगितलं नाही. आज वर्गात फोन थरथरला तेव्हा भिंग कशासाठी हवंय हेही तिला लगेच कळलं होतं.

‘मला का नाही विचारलंस?’

‘तू सांगशील म्हणून थांबले.’ ती बोलता बोलता मोजतच होती. ‘आणि ती शिडीपाशी होती ना, ती छोटी. मी चार सेकंद दुसरीकडे बघत होते, बाबा. चारच. मैत्रिणीचा मेसेज आला होता.’

त्याला लाज वाटली. आयुष्यात इतकी लाज त्याला कधीच वाटली नव्हती. तलावात वीस पोरं होती आणि त्यांच्यावर एकविसाव्या पोरीला त्याने पहाऱ्याला बसवलं होतं, वर तिलाच विचारलं होतं, शोभतं का.

त्याने श्वास भरून घेतला आणि लांब शिट्टी मारली. वर्ग सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. मुलांनी गलका केला, मग कुरकुरत एकेक करून काठावर आली. विसावी दारातच थबकली. सगळी बसली आहेत ना, हे त्याने लेकीलाच विचारलं, ती हो म्हणाली, आणि तो व्यवस्थापक बाईंच्या खोलीकडे गेला.

आत त्याने काही लपवलं नाही. पलीकडची बाजू दीड वर्षापासून दिसत नाही, गेल्या वर्षीचा तक्ता पाठ केला होता, यंदाचाही करणार होतो. बाई मग जे बोलल्या ते त्याला ऐकून घेणं भाग होतं, आणि त्यातलं एक अक्षरही चुकीचं नव्हतं. डॉक्टरांकडे उद्याच जायचं. पुढे काय करायचं ते वरच्या लोकांना विचारून ठरेल, कदाचित खिडकी, कदाचित तीही नाही. त्यांनी लहान मुलांचा तलाव बंद करवला आणि तिथली तरुण जीवरक्षक बोलावून घेतली. ती सात पायऱ्या चढून खुर्चीवर बसली. त्याने खाली उभं राहून तिला कुठे काय बघायचं ते सांगितलं, आणि पुन्हा शिट्टी झाल्यावर मुलांनी धडाधड उड्या मारल्या.

तो बाकाकडे परत आला. लेक अजून मोजतच होती.

‘आता ती बघतेय,’ तो म्हणाला.

‘तिथून उजवीकडची शिडी खांबाआड जाते.’

‘सांगितलंय मी तिला. ती मान काढून बघेल.’

तरी तिने आणखी तीन फेऱ्या पुऱ्या केल्या. मग मान हळूहळू थांबली, खांदे खाली आले, आणि तो इतक्या जवळ होता की त्याला ते स्पष्ट दिसलं. भिंतींवर उजेड हलत होता. छपराला लागून आवाज परत येत होते, कोण कुणाला हाक मारतंय ते कळत नव्हतं.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘मग मी जाऊ पाण्यात?’

त्याने नुसती मान हलवली. तिने दप्तर उघडलं आणि वह्यांच्या खालून, अगदी तळातून, घडी घातलेले पोहण्याचे कपडे आणि नारिंगी टोपी काढली. घडी ताजी होती. त्याला विचारायचं होतं की रोज आणत होतीस का, पण ती तोवर निघून गेली होती.

थोड्या वेळाने खोल बाजूला उडी पडल्याचा आवाज आला. त्याने वर बघितलं. धुक्यात वीस-एकवीस नारिंगी ठिपके तरंगत होते, आणि त्यातली ती कुठली हे त्याला दिसत नव्हतं.